सी हॉकच्या नाकातले शिसे

आदरणीय काका,
साष्टांग नमस्कार वि. वि.

आपले नाव कुठेही छापायचे नाही या अटीवर आपण मला हे उघडे पत्र लिहू दिलेत. म्हणून मालवण बंदराजवळ होड्यांची इंजिने दुरुस्त करणारे, आणि त्याआधी नौदलात विमानांच्या देखभालीवर असलेले एक गृहस्थ, एवढीच आपली ओळख इथे देतो. त्यावरूनही ओळखणारे ओळखतील, त्याला माझा इलाज नाही. समोर बसून आभार मानायला लागलो की आपण लगेच कुणाला तरी पाना आणायला सांगता, म्हणून हा लेखी मार्ग पत्करला आहे.

1972 च्या गणपतीत आमचे मामा बोटीवरून रजेवर वेंगुर्ल्याला आले, तेव्हा सामानात विलायतेहून आणलेली एक प्लास्टिकची पिशवी होती. पिशवीच्या तोंडाशी रंगीत चित्राचा कागद आणि आत काड्यांना चिकटलेले सुटे भाग, असे ते एअरफिक्स कंपनीचे, भाग जोडून करायचे खेळण्यातले सी हॉक विमान होते. त्याआधीच्या डिसेंबरात ‘विक्रांत’वरून उडालेल्या सी हॉक विमानांनी कॉक्स बझार आणि चितगाववर हल्ले केले होते आणि रेडिओवर ते नाव आम्ही इतक्यांदा ऐकले होते की पुढे कित्येक महिने आमच्या आळीतला प्रत्येक मुलगा हात पसरून सी हॉक होऊनच धावत असे. तेच विमान हातात आल्यावर दादा तेरा वर्षांचा आणि मी नऊ वर्षांचा, दोघेही त्या रात्री झोपलो नाही. सारे भाग 72 पट लहान केलेले असतात, म्हणजे खऱ्या विमानाचे सहा फूट इथे एक इंच होतात, हा हिशेब मामांनी समजावल्यावर दादाने घरातल्या प्रत्येक माणसाची उंची इंचात काढून ठेवली. आजी पाऊण इंचाची निघाली.

एअरफिक्स ही कंपनी 1939 मध्ये निकोलस कोव्ह या हंगेरियन गृहस्थाने इंग्लंडमध्ये सुरू केली आणि ती आधी हवा भरलेली रबरी खेळणी करत असे, हे मी फार पुढे वाचले. व्यापारी यादीत नाव वरच्या बाजूला यावे म्हणून त्याने इंग्रजी ‘ए’ने सुरू होणारे नाव घेतले. 1952 मध्ये ड्रेक या इंग्रज दर्यावर्दीच्या ‘गोल्डन हाइंड’ जहाजाचे खेळणे खोक्याऐवजी साध्या पिशवीत घालून वूलवर्थच्या दुकानांत दोन शिलिंगांना विकायला ठेवले, आणि पुढच्या वर्षी स्पिटफायर विमान आले. आम्हा कोकणातल्या पोरांपर्यंत हा छंद पोहोचला तो त्या पिशवीच्या स्वस्ताईमुळेच, असे माझे ठाम मत आहे. खोक्यातले महागडे विमान मामांनी घेतले नसते, कारण मामा चिकट होते.

विमानाची दुर्दशा मात्र आम्हीच केली. सोबतच्या ट्यूबमधला डिंक निम्म्यावरच सुकला, तेव्हा सायकलच्या पंक्चरचे सोल्यूशन लावले. पंखांना दरवाज्याचा उरलेला निळा ऑइलपेंट फासला. सूचनांचा कागद पहिल्याच आठवड्यात पावसात भिजून गेला होता. शेवटी चाके लावून विमान ओसरीवर ठेवले, तर ते शेपटीवर बसले आणि पुढचे चाक हवेत. तू चाक वाकडे बसवलेस, असे दादा म्हणाला. चाक मी बसवलेच नव्हते, असे मी म्हणालो. या प्रश्नावर आमच्यात जे भांडण जुंपले, ते दोघांची लग्ने, बदल्या आणि निवृत्ती यांना पुरून उरले. आजही कुठल्या कार्यात चार पाहुणे जमले की दादा ते चाक काढतोच.

गेल्या वर्षी घराची कौले उतरवताना माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत ते विमान सापडले. दादाच्या पासष्टीला ते नीट करून द्यावे म्हणून मी एका मोठ्या शहरातल्या खेळण्यांच्या दुकानात घेऊन गेलो. तिथल्या माणसाने ते दोन बोटांत उचलून पाहिले आणि हे टाकून नवीन घ्या, असा सल्ला दिला. परतताना एका नातेवाइकाने आपले नाव सुचवले. मी दारात उभा राहिलो तेव्हा आपण एका ट्रॉलरच्या इंजिनात खांद्यापर्यंत हात घालून बसला होता. विमान पाहून आपण हात पुसलेत, चष्मा बदललात आणि गोव्यात दाबोळीच्या तळावर आपण हीच विमाने सांभाळलीत असे सांगितलेत, तेव्हा मला जे वाटले ते लिहायला मला जमणार नाही.

आपण ते रात्रभर ब्रेक ऑइलमध्ये बुडवून ठेवलेत. सकाळी दरवाज्याचा निळा रंग सायीसारखा सुटून आला आणि प्लास्टिकला ओरखडाही नव्हता. सोल्यूशनचे जोड नखाने उकलले, पण जिथे मूळचा डिंक लागला होता तिथे पाते चालेना. तो डिंक नुसता चिकटवत नाही, तो प्लास्टिक विरघळवून दोन भागांचा एक भाग करतो, म्हणून ते जोड तसेच राहू द्यायचे, हे आपण मला एखाद्या शिकाऊ उमेदवाराला शिकवावे तसे शिकवलेत. मग आपण विमानाची मागची दोन चाके टेबलाच्या कडेशी टेकवलीत, बोटाने नाक दाबलेत, सोडलेत, पुन्हा दाबलेत आणि म्हणालात, “नाकात वजन व्हया रे. चाकाचो काय दोष नाय.”

खऱ्या सी हॉकच्या पुढच्या भागात 20 मिलिमीटरच्या चार तोफा असतात, त्या आपण स्वतः उतरवून पुन्हा चढवलेल्या. आमच्या विमानाचे नाक पोकळ होते. सगळा भार मागच्या चाकांच्या मागे पडत होता आणि म्हणून ते शेपटीवर बसत होते. आपण भिंतीवरच्या जुन्या पागाचे, म्हणजे फेकायच्या जाळ्याचे, शिशाचे तीन मणी काढलेत, हातोडीने चेपलेत आणि एकेक करून नाकात सरकवलेत. दुसऱ्या मण्याला विमान डगमगले आणि तिसऱ्याला पुढचे चाक टेबलावर टेकले. टक् असा अगदी बारीक आवाज आला. काका, त्या आवाजासाठी मी बावन्न वर्षे थांबलो होतो.

बाकीचे काम आपण सवडीने केलेत, ते सगळे लिहीत बसत नाही. चकत्यांबद्दल मात्र लिहायलाच हवे. पिशवीतल्या, विमानावर चिकटवायच्या गोल निशाणीच्या चकत्या इंग्रजी आरमाराच्या, तांबड्या-पांढऱ्या-निळ्या, आणि काळाने पिवळ्या पडलेल्या होत्या. इंजिनाची पॅकिंग कापायचे पंच काढून आपण रंगवलेल्या पातळ कागदातून आधी केशरी गोल पाडलात, मग त्याहून लहान पांढरा, मग त्याहून लहान हिरवा, आणि ओल्या कुंचल्याने एकावर एक असे बसवलेत की भिंगातूनही केंद्र ढळलेले दिसत नाही. होडीचा करडा रंग मलमलीतून गाळून, टर्पेंटाइनने पातळ करून पाठीवर दिलात. नाकाशी 300 क्रमांकाच्या स्क्वाड्रनचा पांढरा वाघ हाताने काढलात. तो वाघ कमी आणि मांजर जास्त दिसतो, हे आपणच हसत कबूल केलेत, म्हणून मीही लिहितो.

वैमानिकाच्या डोक्यावरची काच मात्र आपल्यालाही वाचवता आली नाही, कारण तिच्यावर डिंकाने भरलेल्या अंगठ्याचा ठसा कायमचा विरघळून बसला होता. आपण सावंतवाडीहून आणलेल्या पांगाऱ्याच्या तुकड्याचा साचा कोरलात, मिठाईच्या खोक्याचे पारदर्शक झाकण मेणबत्तीवर मऊ करून त्यावर ओढलेत, आणि चौथ्या प्रयत्नात नवी काच साधली. जुनी काच आपण काडेपेटीत घालून मला परत दिलीत.

मजुरी आपण घेतली नाहीत. आंब्यांची पेटी पाठवली, तर तीतले निम्मे आंबे शेजारच्या खलाश्यांना वाटलेत, असे कळले. आता विमान पुण्यात दादाच्या दिवाणखान्यात तीन चाकांवर उभे आहे. शिशाची हकीकत ऐकून दादा बराच वेळ फोनवर गप्प होता, आणि मग चाकाबद्दल त्याने माझी रीतसर माफी मागितली. त्यानंतर त्याने काडेपेटी उघडली. काचेवरचा तो अंगठा त्याचा नसून माझाच आहे, असे त्याचे म्हणणे आहे. तो अंगठा नऊ वर्षांच्या मुलाच्या मानाने फार मोठा आहे, हे मी त्याला दोनदा सांगितले, पण तो ऐकत नाही. पुढच्या महिन्यात आम्ही दोघे मालवणला येत आहोत. येताना काच घेऊन येऊ. आपले भिंग तयार ठेवावे, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
वेंगुर्ल्याचा धाकटा