पोराला डावीकडं टाकायचं म्हणतात

कोल्हापूर,
गुरुवार, रात्री

प्रिय पम्या,

चार महिने झाले, तुला धड पत्र नाही की फोन नाही. शिव्या द्यायच्या असतील तर दे, पण आधी हे वाचून घे. आईची शुगर आटोक्यात आहे, अण्णांचं मोतीबिंदूचं झालं. घरचं एवढंच.

पोराला डावीकडं टाकायचं म्हणतात. म्हणजे फुटबॉलच्या टीममध्ये डाव्या कडेला. कुठल्या पोराला ते तुला सांगायला नको. दिवाळीत कट्ट्यावर बसून ज्याच्याकडं बोट दाखवत तू ‘ह्याला हे कुणी शिकवलं?’ विचारलंस, तोच. सोळा पूर्ण झाली त्याला. तक्रार तीच जुनी: पळत नाही, बॉल धरून बसतो, मधी चालत नाही, तेव्हा कडेला उभा करा. रविवारी टीम ठरणार. हे मी दुसऱ्या कुणाला लिहू? लाईनीला चिकटून बॉलची वाट बघणं काय असतं, ते आपल्यात फक्त तुला ठाऊक आहे.

आता तू म्हणणार, लागला हा परत रिकेल्मेवर, अर्जेंटिनाच्या त्या मधल्या प्लेमेकरवर. लागलो. त्याच्या संथपणाला तू ‘बैलगाडी’ म्हणायचास ते मी विसरलेलो नाही. पण भावा, बैलगाडी म्हणायच्या आधी तो उभा कसा राहायचा ते बघ. पास यायच्या आधी त्याची मान दोनदा वळलेली असायची. बॉल आला की अंग अर्धं वळलेलं, कंबर बॅकच्या अंगाला भिडलेली, हात आडवा पण ढकलणारा नाही (ढकलला की शिट्टी), आणि बॉल बॅकपासून लांबच्या पायाखाली, तळव्यात. सहा फुटी माणूस असा उभा राहिला की बॅकला बॉल दिसतच नाही. मग तो थांबायचा, एक सेकंद, दोन सेकंद. अर्जेंटिनात ह्या थांबण्याला ‘पाउसा’ म्हणतात, आणि त्या जागेवरच्या माणसाला ‘एन्गांचे’, म्हणजे आकडा, अडकवायचा हूक. मागची फळी आणि पुढचे दोन स्ट्रायकर जोडणारा आकडा. त्या दोन सेकंदांत राईट बॅक वीस पावलं वर यायचा, एक स्ट्रायकर बॅकला ओढून न्यायचा, आणि मोकळी जागा तयार झाली की पास. बॉल थांबलेला असतो, बाकी सगळे पळत असतात. पळणारे नसले तर मात्र तोच थांबा नुसता बॉल धरून बसणं होतो आणि तिघं येऊन घेरतात. आपल्या पोराचं नेमकं तेच होतंय. त्याचा पाय चुकत नाही, पुढचे पळत नाहीत.

रिव्हर प्लेटचा बॅक येपेस, त्याचा तो प्रसंग घे. 24 मे 2000, बोकाचं मैदान बोम्बोनेरा, दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांचा कप लिबेर्तादोरेस, त्याची क्वार्टर फायनल. रिव्हरकडं पहिला सामना 2–1 हरून रिकेल्मेची बोका घरी आलेली. टचलाईनजवळ येपेस पाठीला चिकटलेला, जायला वाट नाही. ह्यानं तळव्यानं बॉल मागं ओढला, येपेसच्या दोन पायांच्या मधून काढला आणि स्वतः दुसऱ्या अंगानं वळून पलीकडं बॉलला भेटला. सगळे त्यातली करामत बघतात. मला त्यातलं टायमिंग बघायला आवडतं: पुढं दाबायला येपेसनं पाय फाकवून वजन टाकलं, त्याच क्षणी बॉल हलला. आधी हलवला असता तर पोटरीवर आपटला असता. सामना 3–0, त्यात एक पेनल्टी ह्याचीच, आणि त्या वर्षी कप बोकाला.

आता मुद्द्याचं. बोकाचा कोच बियांची, त्यानं रिकेल्मेभोवती टीम कशी मांडली होती? चार-तीन-एक-दोन. 28 नोव्हेंबर 2000 ला टोकियोत रेयाल माद्रिदसमोर मागं बत्ताग्लिया, सेर्ना, बासुआल्दो. तिघंही हाडं झिजवणारे. पुढं देल्गादो आणि पालेर्मो. सहा मिनिटांत पालेर्मोचे दोन गोल, आणि दुसरा रिकेल्मेनं स्वतःच्या अर्ध्यातून फेकलेल्या लांब पासवर. बाराव्या मिनिटाला रोबेर्तो कार्लोसनं एक फेडला. पुढचा सगळा वेळ 2–1 राखायचं होतं, आणि मकेलेलेसारखा माणूस अंगावर असताना ह्यानं बॉल लपवून ठेवला. वेळ मारून नेणं हेसुद्धा कामच असतं लेका, आणि ते पळून होत नाही.

तोच माणूस 2002 मध्ये बार्सिलोनाला गेला. तिथला कोच व्हान हाल, त्यानं त्याला बऱ्याचदा डावीकडं टाकलं. रिकेल्मेनंच नंतर सांगितलंय, व्हान हाल त्याला म्हणाला होता की बॉल पायात असला की तुझ्यासारखा कुणी नाही, नसला की आम्ही एक माणूस कमी घेऊन खेळतो. कडेला उभं केलं की काय होतं ते तूच मला शिकवलंस: एका बाजूला लाईन, म्हणजे अंग लपवायला निम्मीच जागा. पास मिळतो तो पाठीमागून, वळायला जायचं तर बॅक आधीच तोंडावर. वर शंभरदा मागं पळत येऊन त्यांचा राईट बॅक धरायचा. ज्याची सगळी दौलत मधल्या जागेत, त्याला कुंपणाला बांधल्यासारखं. एका सीझनमध्ये तो निकामी ठरला.

(तुझं नाशिकचं नक्की झालं का? वहिनींची बदली, पोरीची शाळा, सगळं एकदम अंगावर आलं असेल. घर मिळालं की कळव, सामान लावायला मी येतो.)

पण परवा जुने सामने परत बघताना एक गोष्ट डोक्यात आली, आणि खरं तर पत्र त्यासाठीच आहे. पुढं स्पेनमधल्याच विल्यारेयालला कोच पेलेग्रिनीनंसुद्धा रिकेल्मेला कागदावर बऱ्याचदा डावीकडंच लावलं होतं! फरक एवढाच, की तिथं त्याला लाईन सोडून आत यायची मोकळीक होती. मागं सेन्ना आणि जोडीला आणखी एक राखणारा. डावी कड रिकामी पडायची ती भरायला लेफ्ट बॅक अर्रुआबार्रेना बाहेरून वर. हा बोकातला जुना साथीदार, त्यामुळं रिकेल्मे कधी थांबणार आणि आपण कधी निघायचं हे त्याला पाठ. पुढं फोर्लान, त्यानं 2004–05 ला लीगमध्ये 25 गोल मारले, रिकेल्मेनं 15, आणि एवढ्याशा गावातली टीम तिसरी आली.

म्हणजे ‘डावीकडं’ हा शब्द वाईट नाही. डावीकडं उभा करून मागून कोण पळणार, हा प्रश्न आहे. रविवारी भांडायच्या ऐवजी मी हेच मांडणार: ठेवा डावीकडं, पण लेफ्ट बॅकला पोरगं आत शिरलं की बाहेरून निघायचं काम द्या, आणि दोन हाफपैकी एकानं डावीकडं सरकून त्याची जागा झाकायची. लेफ्ट बॅक वर असताना बॉल गेला की ती कड उघडी पडते, गोल तिथूनच बसतो. ही भीती त्यांची खरी आहे, ती मी नाकारणार नाही.

आणि तुझंही एक आज कबूल करतो, बारा वर्षं टाळलं. एकाच माणसावर टीम बांधली की गळाही एकच राहतो, समोरच्यानं तो धरला की संपलं. 25 एप्रिल 2006, चॅम्पियन्स लीगची सेमीफायनल, आर्सेनल पहिल्या सामन्यातला 1–0 घेऊन आलेली, सामना संपत आलेला आणि विल्यारेयालला पेनल्टी, मारायला रिकेल्मे. आर्सेनलचा गोली लेहमन, त्यानं अडवली. ती दुसऱ्या कुणी मारायला हवी होती का, हा विचार विल्यारेयालमध्ये कुणाच्या मनातही येणं शक्य नव्हतं. पण बर्लिनवर, त्याच वर्षीच्या वर्ल्ड कपमधल्या जर्मनी-अर्जेंटिना क्वार्टर फायनलवर, मी हटणार नाही. 30 जून, ह्याच्याच कॉर्नरवर अयालाचं हेडर, 1–0. गोली जखमी होऊन एक बदल त्यात गेलेला. 72 व्या मिनिटाला अर्जेंटिनाचा कोच पेकरमननं ह्याला काढून काम्बियास्सोला आणलं, 80 व्या मिनिटाला जर्मनीच्या क्लोजंनं बरोबरी केली. बॉल लपवून ठेवणारा माणूस बेंचवर, आणि पेनल्टी शूटआऊटमध्ये जर्मनीच्या गोलात परत तोच लेहमन. तू म्हणतोस तो दमला होता. दमलेला असला तरी बॉल त्याच्याकडं असताना जर्मनीकडं नसता, पम्या. (2007 च्या कोपा अमेरिकाची, ब्राझीलसमोरची फायनल काढू नकोस. 3–0 मला पाठ आहे. त्याच्या आधी महिनाभर त्यानं बोकाकडून ग्रेमिओला लिबेर्तादोरेसच्या फायनलच्या दोन सामन्यांत तीन गोल मारले होते, तेही तू पाठ कर.)

बरं, पोराचं. तीन आठवडे हे करून घेतोय: दहा बाय दहा मीटरचा चौकोन, बाहेर चार, आत हा आणि पाठीला एक बॅक. बॉल आत आला की दोन आकडे मोजून होईपर्यंत पास द्यायचा नाही, अंगानं झाकायचा. दोन झाले की बाहेरच्या चौघांत जो हलला त्यालाच द्यायचा. उभ्याला दिला तर पास बाद. पंधरा मिनिटं, दिवसाआड. पहिल्या आठवड्यात बाहेरचे चौघंच उभे राहायचे, आता पळायला लागलेत. अडचण मैदानाची. आपल्या ह्या खडबडीत मातीवर बॉल उसळी घेतो, तळवा वरच्या वर हवेत पडतो आणि बॉल खालून निसटतो. म्हणून त्याला सांगितलंय, आधी पायाच्या आतल्या बाजूनं बॉलचा वेग मारून टाक, मग तळवा ठेव. एक टच जास्त जातो, त्यात बॅक पोचतो. त्यावर तुझ्याकडं काय उपाय होता? तू तर त्याच मातीवर तळव्यात धरायचास.

आणि दुसरं, लेफ्ट बॅकनं निघायचं कधी? पोरगं आत वळल्यावर, की पास त्याच्याकडं यायला निघाला तेव्हाच? मला वाटतं तेव्हाच, नाहीतर दोन सेकंदांत तो पोचत नाही. पण तेवढ्यात पास कापला गेला तर सगळी कड उघडी. शनिवारी रात्रीपर्यंत फोन कर, कितीही वाजू देत. रविवारी सात वाजता मला मैदानावर जायचंय.

वहिनींना नमस्कार, चिमणीला पापा.

तुझाच,
राजा