व्हाइट स्टार टायटॅनिकमुळे बुडाली नाही

महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत अटलांटिकवरच्या जुन्या प्रवासी जहाजांविषयी लेख आहे. वाचायला मजा आली, पण ‘टायटॅनिक बुडाले, व्हाइट स्टार कंपनीचे दिवस फिरले आणि कुनार्डने तिला गिळले’ हे वाक्य काही पचले नाही. टायटॅनिक बुडाले १९१२ साली, व्हाइट स्टार आणि कुनार्ड या दोन ब्रिटिश जहाज कंपन्या एक झाल्या १० मे १९३४ रोजी. मधली बावीस वर्षे कुठे गेली?

त्या काळात व्हाइट स्टार चांगली तग धरून होती. टायटॅनिकचे जुळे भावंड ‘ऑलिंपिक’ १९३५ पर्यंत फेऱ्या मारत होते. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनांचे ‘बिस्मार्क’ भरपाईत मिळाले, त्याचे ‘मॅजेस्टिक’ झाले. ते तेव्हा जगातले सर्वांत मोठे जहाज होते. कंपनीला खरा फटका बसला तो लॉर्ड किल्सांट यांच्या हिशेबाचा.

मी आयुष्यभर टी. वाय. बी. कॉमला कंपनी कायदा शिकवला. प्रॉस्पेक्टसचे, म्हणजे लोकांकडून पैसे उभारताना कंपनी काढते त्या माहितीपत्रकाचे प्रकरण आले की ‘रेक्स विरुद्ध किल्सांट’ हा खटला यायचाच. अप्पा बळवंत चौकातल्या गाइडमधली चार ओळींची उत्तरे मुले घोकून यायची. हे किल्सांट कोण, त्यांची जहाजे कोणती, हे एकानेही विचारले नाही. परीक्षेला येत नाही ना!

तर हे किल्सांट रॉयल मेल या जहाज कंपनीचे अध्यक्ष. व्हाइट स्टार १९०२ पासून अमेरिकन भांडवलदार जे. पी. मॉर्गन यांच्या समूहाकडे होती. १९२७ मध्ये किल्सांटनी ती ७० लाख पौंडांना घेतली. ब्रिटिश कंपनी मायदेशी परतली म्हणून तिकडे कौतुकही झाले. पण रॉयल मेलचा धंदाच तेव्हा तोट्यात होता. युद्धकाळात करापोटी राखून ठेवलेली गंगाजळी गुपचूप वापरून नफा दाखवणे आणि लाभांश वाटणे चालू होते. १९२८ मध्ये कर्जरोखे काढताना प्रॉस्पेक्टसमध्ये लिहिले, गेल्या दहा वर्षांची सरासरी शिल्लक या नव्या कर्जरोख्यांच्या व्याजाच्या पाचपटीहून जास्त आहे. सरासरी बरोबरच होती हो! पहिली दोन-तीन वर्षे तेजीची, पुढची सगळी तोट्याची, आणि सरासरीच्या पांघरुणाखाली सारी एकत्र झोपवलेली. एकेक आकडा खरा, पण त्यातून उभे राहणारे चित्र खोटे, असे ठरून १९३१ मध्ये किल्सांटना बारा महिन्यांची कैद झाली. त्यांच्याबरोबर आरोपी असलेला ऑडिटर मात्र निर्दोष सुटला. मालकाचीच अशी गत, मग व्हाइट स्टारची काय होणार! १९५६ च्या आपल्या कंपनी कायद्यातले, प्रॉस्पेक्टसमधल्या खोट्या विधानांना शिक्षा सांगणारे कलम ६३ शिकवताना मला हाच खटला सांगावा लागे. हल्ली ते २०१३ च्या कायद्यात कलम ३४ आहे. आयपीओचे अर्ज धडाधड भरणाऱ्या माझ्या भाच्याला मी हा खटला सांगून पाहिला. त्याने मोबाइलवरून मान वर केली नाही.

कुनार्डची तरी कुठे चैन होती? मंदीत पैसे आटले आणि स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या गोदीत ‘५३४ क्रमांक’ म्हणून ओळखले जाणारे तिचे नवे जहाज डिसेंबर १९३१ मध्ये अर्धवट सोडावे लागले. कामगार घरी बसले, सांगाडा दोन वर्षांहून अधिक काळ गंजत राहिला. अखेर ब्रिटिश अर्थमंत्री नेव्हिल चेंबरलेन यांनी ९५ लाख पौंडांच्या मदतीची तयारी दाखवली, पण अट एकच : आधी दोन्ही कंपन्यांनी एक व्हायचे. नव्या कंपनीत कुनार्डचे ६२ टक्के, व्हाइट स्टारचे ३८. म्हणजे हे लग्न सरकारनेच लावले. उरलेला हिस्साही कुनार्डने १९४७ मध्ये विकत घेतला. ‘गिळले’ म्हणायचेच असेल, तर ते तेव्हा म्हणावे.

टायटॅनिकच्या वाचलेल्या सातशेहून अधिक प्रवाशांना उचलून न्यूयॉर्कला नेणारे ‘कार्पेथिया’ हे कुनार्डचे, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचे जहाज होते. याचाही लेखात उल्लेख नाही.

आणखी एक. ते अर्धवट ‘५३४’ पुढे ‘क्वीन मेरी’ झाले. लेखातल्या छायाचित्राखाली तेच नाव आहे, पण चित्रातल्या जहाजाला चार धुरांडी दिसतात. ‘क्वीन मेरी’ला तीनच आहेत. ते जहाज आजही कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचला उभे आहे. पुढच्या रविवारी दुरुस्ती छापावी.

आपला,
एक निवृत्त वाणिज्य प्राध्यापक,
सदाशिव पेठ, पुणे ३०