सहकाऱ्यांचे मत कोण विचारणार?

संपादक महोदय,

तरुण फुटबॉलपटूंच्या लोकप्रियतेवरचा आपला कालचा लेख वाचून संताप झाला. क्रमवारी लावली आहे ती इन्स्टाग्रामवरच्या फॉलोअर्सवरून आणि जाहिरातींच्या करारांवरून. त्यात इंग्लंडचा आणि आर्सेनल क्लबचा बुकायो साका कुठेतरी तळाला. हे मोजमापच मला मान्य नाही.

११ जुलै २०२१ ची रात्र लेखकाला आठवत असेल. लंडनच्या वेम्बलीवर इटलीविरुद्ध युरो या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेची अंतिम लढत, बरोबरीनंतर पेनल्टींचे शूटआउट, त्यात इंग्लंडची पाचवी पेनल्टी आणि ती घ्यायला १९ वर्षांचा साका. इटलीचा गोलरक्षक दोनारुम्माने ती अडवली आणि इंग्लंड हरले. त्यानंतर साका आणि त्याच्यासारखीच पेनल्टी हुकलेले रॅशफर्ड आणि सँचो या तिघांना वर्णद्वेषी शिव्या घातल्या गेल्या त्या याच समाजमाध्यमांवर, आणि तिथलेच आकडे आपण लोकप्रियता म्हणून छापता! मैदानावर सहकाऱ्यांनी त्याला जवळ घेतले. पेनल्टी कोणी घ्यायची हे मीच ठरवले होते, असे प्रशिक्षक साउथगेट यांनी जाहीरपणे सांगितले. महिन्याभरात साका टॉटनहॅमच्या मैदानावर बदली खेळाडू म्हणून उतरला, तेव्हा आर्सेनलच्या या हाडवैऱ्यांच्या पाठीराख्यांनीही टाळ्या वाजवल्या.

मला हे इतके लागते त्याला कारण आहे. माझी मुलगी शाळेच्या संघातून खेळायची. उपांत्य सामन्यात तिची पेनल्टी बारला लागून बाहेर गेली. तिला पेनल्टी घ्यायला सांगणारे प्रशिक्षक परतताना बसमध्ये तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत, आणि पुढच्या स्पर्धेच्या यादीत तिचे नाव नव्हते. संघातल्या मुलींनी तिला परत घ्या म्हणून अर्ज लिहिला, सगळ्यांनी सह्या केल्या. शाळेने त्याला उत्तरसुद्धा दिले नाही. तिने बूट माळ्यावर टाकले ते कायमचेच. संघात कोण हवे हे बरोबर खेळणाऱ्यांना नेमके कळते, पण त्यांना विचारतो कोण? तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

इंग्लंडमध्ये विचारतात. पीएफए ही तिथल्या व्यावसायिक फुटबॉलपटूंची संघटना; तिचे मुख्य पुरस्कार खेळाडूंच्याच मतांवर ठरतात. २०२२-२३ चा सर्वोत्तम तरुण खेळाडू म्हणून त्यांनी साकाला निवडले. त्या हंगामात तो प्रीमियर लीगचे सगळे ३८ सामने खेळला, १४ गोल केले. ज्यांच्या बचावफळीला चकवून तो आत शिरत होता, त्या संघांतल्या खेळाडूंनाही इथे मत असते. लोकप्रियतेवर लिहायचे तर सुरुवात इथूनच करायला हवी होती. आपल्या लेखात या पुरस्काराचा उल्लेखही नाही. जुलै २०२४ मध्ये पुढच्या युरोत स्वित्झर्लंडविरुद्ध त्याने बरोबरीचा गोल केला, आणि मग शूटआउटमध्ये पुन्हा पेनल्टी घ्यायला पुढे आला आणि गोल केला, तेही नाही.

आणखी एक. रात्री उशिरा संपणाऱ्या सामन्यांचे निकाल आपल्या अंकात येतच नाहीत, त्यानंतरच्या दिवशीही नाहीत. क्रिकेटच्या लिलावाला अख्खे पान देता येते, तर फुटबॉलच्या गुणतक्त्यालाही चार बोटे जागा द्यावी, ही विनंती.

– एक नियमित वाचक