रविवार, कबड्डी आणि जेमिमाची साक्ष

मा. संपादक महोदय,
सप्रेम सलाम.

आपल्या अंकात क्रिकेटपटू जेमिमा रॉड्रिग्जवर दोन लेख आले. एका लेखकाने तिच्या श्रद्धेचं भरभरून कौतुक केलं, दुसऱ्याने खेळाडूंनी देव घरी ठेवून मैदानात यावं असं सुचवलं. पाठोपाठ संस्कृतीवरचा एक लेख आला, त्यात येशूचं नाव परकं म्हणून आलं. तिन्ही लेख मी दोनदा वाचले. दारव्हा तालुक्यातल्या एका खेडेगावच्या शाळेत मी तीस वर्षं शारीरिक शिक्षण शिकवलं, मुलींचा कबड्डी संघ बांधला, आणि आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत पाळकसाहेब नसतात त्या रविवारी प्रार्थना चालवतो. म्हणून लिहावंसं वाटलं.

३० ऑक्टोबर २०२५ चा महिला विश्वचषकाचा तो उपांत्य सामना आम्ही घरी पाहिला. अंगणातलं ओलं सोयाबीन झाकून सगळे टीव्हीसमोर बसलो होतो. ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावा पाहून शेजारचे दोघे उठून गेले. जेमिमा ८२ वर असताना त्यांची यष्टिरक्षक हीली हिच्या हातून तिचा झेल सुटला, तेव्हा माझ्या बायकोने डोळे मिटले ते बराच वेळ उघडले नाहीत. १३४ चेंडूंत नाबाद १२७. अर्धशतक झालं, शतक झालं, पोरीने बॅट उंचावली नाही. जिंकल्यावर मात्र हुंदके देत बोलली. येशूचे आभार मानले. या दौऱ्यात आपण जवळजवळ रोज रडलो, मन फार अस्वस्थ होतं, हे सांगितलं. शेवटी दम संपत आला तेव्हा शास्त्रातलं एक वचन मनात म्हणत होते, असंही म्हणाली. बायबलमधल्या निर्गमातलं ते वचन आमच्याकडे लहान पोरांनाही पाठ असतं: परमेश्वर तुमच्यासाठी लढेल, तुम्ही शांत राहा.

याला आमच्यात साक्ष म्हणतात. बुधवारी घरोघरी प्रार्थना असते, तिथे कोणीही उठून साक्ष देतो. बैल आजारी होता तो उठला, पोराचा ताप उतरला, कर्जाच्या काळजीने झोप नव्हती पण त्या रात्री लागली. साक्ष देणारा स्वतःवर काय गुजरलं तेवढंच सांगतो, ऐकणाऱ्याकडून काही मागत नाही. आपल्या दुसऱ्या लेखकाला त्यात प्रचार दिसला. मला वाटतं, त्यांनी कधी साक्ष जवळून ऐकली नसावी. ही पोर आधीच खूप सोसून आलेली आहे. २०२४ मध्ये वडिलांच्या प्रार्थनासभांवरून मुंबईच्या एका क्लबने तिचं सदस्यत्व रद्द केलं होतं. धर्मांतराचा आरोप वडिलांनी नाकारला, तरी समाजमाध्यमांवर तिला नको नको ते ऐकावं लागलं. त्यानंतर वर्षभराने देशभर लोक पाहत असताना तिने तेच नाव घेतलं, याला धीर लागतो.

पण पहिल्या लेखाशीही माझं पटत नाही, आणि ज्या आमच्याच लोकांनी त्या रात्री ‘येशूने सामना जिंकून दिला’ असे निरोप मोबाईलवर फिरवले त्यांच्याशीही नाही. त्याच स्पर्धेत ती दोनदा शून्यावर बाद झाली होती, इंग्लंडविरुद्ध तर तिला संघातूनच वगळलं होतं. २ नोव्हेंबरच्या अंतिम सामन्यात ती २४ वर बाद झाली. तो सामना शफाली आणि दीप्तीने काढला. मग त्या दिवशी तिचा देव कुठे गेला होता? हा हिशेब मांडायला गेलो की आपण पोरांच्या मनात काय पेरतो, ते मी पाहिलेलं आहे.

वीसेक वर्षं झाली असतील. जिल्ह्याची अंतिम फेरी रविवारी सकाळी नऊला ठेवली होती. आमच्या संघातली चढाईची मुख्य मुलगी आमच्याच मंडळीतली, नववीतली. तिचे आबाजी कडक. यवतमाळला पूर्वी पाळक घडवणारी मोठी सेमिनरी होती (१९८३ मध्ये ती पुण्याला गेली), त्या काळी तिथले विद्यार्थी खेड्यांत गाणी शिकवायला यायचे, त्यांच्याकडून आबाजींनी एरिक लिडेलची गोष्ट ऐकलेली. पॅरिसच्या १९२४ च्या ऑलिंपिकमध्ये १०० मीटरची प्राथमिक फेरी रविवारी आली म्हणून तो धावलाच नाही, आणि मग ४०० मीटर ४७.६ सेकंदांत धावून सुवर्णपदक घेतलं. आबाजी मला म्हणाले, “रविवार देवाचा हाय मास्तर, त्या गोऱ्या पोराले समजलं, तुमाले समजत नाई?” मी दोन संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर बसलो आणि शेवटी होकार मिळवला.

सामना दोन गुणांनी गेला. शेवटच्या चढाईत तिने बोनस घेतला आणि वळताना घोट्याला पकड बसली. पालथी पडून तिने हात लांबवला. मध्यरेषा वीतभर राहिली होती. बोटांची टोकं फक्कीने पांढरी झालेली मला अजून दिसतात. परत येताना जीपमध्ये बाकीच्या पोरी झोपल्या, तेव्हा ती हळूच म्हणाली, “सर, देव रागावला असन ना माह्यावर?” मी म्हणालो, “असं काही नसतं.” आणि बाहेरच्या पऱ्हाटीकडे पाहत बसलो. पुढच्या वर्षी ती संघात आली नाही. घरच्यांनी अडवलं नव्हतं, तिनेच येणं सोडलं.

लिडेलच्या गोष्टीचा उरलेला भाग मी फार उशिरा वाचला. तो पुढे चीनमध्ये मिशनरी शिक्षक झाला, युद्धात जपान्यांच्या छावणीत अडकला आणि १९४५ मध्ये तिथेच वारला. त्या छावणीत तो मुलांचे खेळ घ्यायचा, रविवारी मात्र नाही. एका रविवारी मुलं आपली आपणच हॉकी खेळली आणि पंच नसल्याने मारामारी झाली. पुढच्या रविवारी लिडेल स्वतः पंच म्हणून उभा राहिला. पॅरिसमध्ये सुवर्णपदकासाठी जे केलं नाही, ते चार पोरांसाठी केलं. हे मला त्या वेळी माहीत असतं, तर ओसरीवर आबाजींशी आणि जीपमध्ये तिच्याशी मी वेगळं बोललो असतो.

त्या मुलीचा फोन आला, जेमिमाच्या उपांत्य सामन्याच्याच रात्री. आता ती दिग्रसकडे असते, पदरात दोन मुलं. म्हणाली, “सर, ते रोज रडत होती म्हनते. अन् तरी देव होता म्हनते संग.” मी हो म्हणालो. बराच वेळ दोघंही फोन धरून होतो.

संस्कृतीच्या लेखाबद्दल थोडंच लिहितो. नारायण वामन टिळकांना नागपूर-राजनांदगावच्या रेल्वेप्रवासात एका गोऱ्या माणसाने नवा करार दिला. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि नंतर येशूवर लिहिलं ते अभंगांत. तेच अभंग आम्ही टाळ आणि ढोलकीवर म्हणतो. नाताळात कामट्या आणि घोटीव कागदाची चांदणी आमच्या दारावर लागते ती शेजारच्या हिंदू घरातल्या पोरांनी केलेली असते. पोळ्याला त्यांचे बैल आमच्या दारात येतात, बायको पुरणपोळी देते. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, धुरकरी जोडी सोडण्याआधी नारळ फोडतो. माझ्या संघातल्या पोरी मैदानाची माती कपाळाला लावायच्या, एक बिस्मिल्ला म्हणायची, एक डोळे मिटून ओठ हलवायची. शिट्टी वाजायच्या आधीचे ते दोन क्षण मला फार आवडायचे. देव घरी ठेवून या, असं त्यांच्यापैकी कोणाला सांगायचं मला कधी सुचलं नाही.

एक विनंती आपल्यामार्फत स्पर्धा भरवणाऱ्यांना आहे. तालुका आणि जिल्ह्याच्या शालेय स्पर्धांचे रविवारचे सामने सकाळी अकरानंतर ठेवता आले तर ठेवावेत, तसेच शुक्रवारी दुपारी नमाजाची वेळ सोडावी. खेड्यात एका संघात अशा एक-दोनच मुली असतात. त्यांच्यासाठी वेळापत्रकात दोन तास इकडचे तिकडे करणं अवघड नाही. मी स्वतः शाळेच्या पातळीवर ते केलेलं आहे, एकाही संघाने तक्रार केली नाही.

कळावे.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ