मेट्रोतून वर आल्यावर काय?

महोदय,

ऑक्टोबर २०२५ मध्ये आरे ते कफ परेड हा ३३.५ किलोमीटरचा भुयारी मेट्रोमार्ग पूर्ण खुला झाला आणि दक्षिण मुंबईची मोठी सोय झाली. त्यातही खरा लाभ गिरगाव आणि काळबादेवीचा. या दाट वस्तीच्या पोटात आजवर स्थानकच नव्हते. चर्नी रोड नाहीतर मरीन लाइन्सला उतरून पायपीट ठरलेली. या मार्गासाठी इथल्या जुन्या इमारतींतल्या रहिवाशांनी घरे रिकामी केली, हेही विसरता येणार नाही.

अडचण सुरू होते ती सरकत्या जिन्याने वर आल्यावर. चुकीच्या दाराने बाहेर पडले तर भर वाहतुकीचा रस्ता ओलांडावा लागतो. पदपथ अरुंद, त्यावर फेरीवाले, लावून ठेवलेल्या दुचाकी आणि मालाच्या हातगाड्या. गुडघे दुखणाऱ्या आजींनी किंवा कापडाचे गठ्ठे घेतलेल्या व्यापाऱ्याने चालायचे कुठून?

तेव्हा प्रत्येक दारापाशी ठळक मराठी नकाशा लावावा. त्यात ठाकूरद्वार, भुलेश्वर, मुंबादेवी, चिराबाजार अशी रोजच्या वापरातली ठिकाणे असावीत. नुसती ‘ए-१’, ‘बी-२’ अशी अक्षरे पाहुण्या माणसाला काय सांगणार? स्थानकाभोवतीचे पदपथ मोकळे करावेत आणि बेस्टच्या छोट्या बसगाड्यांचे थांबे दारालगत आणावेत. हजारो कोटींच्या मार्गापुढे हा खर्च किरकोळ आहे. महापालिका, बेस्ट आणि मेट्रो प्रशासनाने एकत्र पाहणी करून पावसाळ्याआधी ही कामे उरकावीत, ही विनंती.

– एक गिरगावकर, मुंबई