सिस्टर्सचा कारभार त्यांच्याच हाती

महोदय,

माझी थोरली बहीण डॉमिनिकन सिस्टर आहे, म्हणजे संत डॉमिनिक यांच्या परंपरेतल्या एका कॅथलिक संघातली व्रतस्थ स्त्री. ‘म्हणजे डॉमिनिकन फादरांच्या हाताखाली ना?’ असं चांगले शिकलेसवरलेले लोकही मला विचारतात. तसं मुळीच नाही. ताईच्या नावापुढे ‘ओ.पी.’ (ऑर्डर ऑफ प्रीचर्स, म्हणजे डॉमिनिकन संघ) ही अक्षरं लागतात, फादरांच्याही तीच लागतात. पण ताईच्या बदलीच्या पत्रावर सही असते ती तिच्या संघाच्या प्रमुख सिस्टरची, आणि त्यांना सिस्टर्सनीच मतदान करून निवडलेलं असतं. संघाची नियमावली वेगळी, पैशाअडक्याचा हिशेब वेगळा. डॉमिनिकनांचे रोममधले प्रमुख, म्हणजे मास्टर, अशा संघाला आपल्या परिवारात सामील करून घेतात. मात्र तसं झालं तरी संघाची स्वायत्तता अबाधित राहिली पाहिजे, असं १९८३ च्या चर्चसंहितेचं, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्याचं, ५८० वं कलम स्वच्छ सांगतं.

मठाबाहेर न पडणाऱ्या डॉमिनिकन नन्सची गोष्ट निराळी. त्यांच्या व्रताच्या शब्दांतच मास्टरांचं नाव येतं. आणि हे फारच थोड्यांना ठाऊक असतं, की फ्रान्समधल्या प्रुई इथे संत डॉमिनिक यांनी स्त्रियांचा मठ सुरू केला तो १२०६ च्या सुमारास. पुरुषांच्या संघाला पोपची मान्यता मिळाली १२१६ साली! बायका मागाहून जोडल्या गेल्या, हे बोलणं ऐकलं की मला खरोखर वाईट वाटतं.

आपल्या बातम्यांत सिस्टर्सच्या संघाचं पूर्ण नाव छापावं, आणि प्रतिक्रिया हवी असेल तर ती फादरांकडे न मागता त्या संघाच्या प्रमुख सिस्टरकडे मागावी, ही विनंती.

– एक वाचक