‘फोडमुक्त’ ट्रेकिंग मोज्यांबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : ट्रेकिंग मोज्यांच्या बनावटीतील दोष व पैसे परत मिळण्याबाबत

महोदय/महोदया,

आपल्याकडून घेतलेल्या, पाकिटावर ‘फोडमुक्त’ असे लिहिलेल्या ट्रेकिंग मोज्यांच्या तीन जोड्या या पत्रासोबत परत पाठवत आहे. तिन्हींत दोष अगदी सारखेच आहेत. त्यामुळे एखादा नग खराब निघाला असे म्हणता येत नाही, चूक बनावटीतच आहे.

आधी शिवण. मोजा उलटा करा आणि बोटांच्या बाजूने हात फिरवा. करंगळीपासून अंगठ्यापर्यंत दोऱ्याचा उंचवटा लागेल आणि दोन्ही टोकांना तो चक्क गाठीसारखा वर आलेला दिसेल. बूट नेमका तिथेच निमुळता होतो. उतारावर पाय पुढे सरकला की दर पावलाला ती गाठ त्याच जागी रुतते. ट्रेकिंगच्या मोज्यात इथे दोन्ही बाजूंचे टाके एकास एक जुळवून सपाट जोडलेले असावे लागतात. आपण ओव्हरलॉक (कडांवर दोरा गुंडाळणारी शिलाई) मारून मोकळे झाला आहात.

टाचेचे त्याहून वाईट. ६ ते ११ नंबरच्या पायांना आपण एकच माप देता. ६ नंबरच्या पायावर टाचेचा खोलगा घोट्यामागे चढतो आणि उरलेल्या कापडाची बुटात चुणी पडते. ११ नंबरच्या पायावर तोच खोलगा तळव्याखाली ओढला जातो आणि चालताना मोजा खाली उतरत राहतो. फोड नुसते वरवर घासल्याने येत नाही. कातडी मोज्याला धरून राहते, आतले हाड मागेपुढे सरकते, मधले थर ताणले जाऊन सुटतात आणि त्या पोकळीत पाणी भरते. चुणी पडली की तिथला दाब वाढतो, आणि घामाने ओलसर झालेली कातडी मोज्याला आणखीच धरून राहते.

आता धाग्याकडे वळतो. पाकिटावर पुढे ठळक ‘मेरिनो’ (म्हणजे मेरिनो मेंढीची मऊ लोकर), मागे बारीक अक्षरांत कापूस ५५ टक्के, पॉलिस्टर २४, मेरिनो १८, स्पँडेक्स ३. त्यातही ते १८ टक्के कुठे आहेत? आतल्या टॉवेलसारख्या विणीतला धागा ओढून जाळला, तर कागद जळल्याचा वास येतो आणि मऊ राखाडी राख उरते. बाहेरच्या विणीतला धागा केस जळल्यासारखा वास देतो आणि त्याची काळी, चिमटीत चुरगळणारी गुठळी होते. म्हणजे लोकर दाखवायला बाहेर आणि कापूस कातडीला! लोकर स्वतःच्या वजनाच्या ३० टक्क्यांच्या आसपास दमटपणा शोषूनही हाताला ओली लागत नाही. कापूस पाणी धरून ठेवतो आणि सावकाश सुकतो. त्यात आतली वीण भिजून चपटी झाली की गादीचाही उपयोग राहत नाही.

उंचीबद्दल तक्रार नाही. मोजा बुटाच्या कॉलरवर दोन बोटे येतो, ते योग्यच आहे.

आपल्या प्रतिनिधीने ‘दोन जोड एकावर एक घाला’ असा सल्ला दिला. त्याच बुटात दोन जाड मोजे कोंबले की बोटे आवळली जातात आणि दाब वाढतो. आतला मोजा पातळ, गुळगुळीत, सिंथेटिक आणि पायाला घट्ट बसणारा असेल तरच सरकणे दोन मोज्यांमध्ये होते आणि कातडी वाचते. शिवाय धुण्याच्या सूचनेत आपण फॅब्रिक सॉफ्टनर वापरायला सांगता. त्याचा लेप धाग्यावर बसतो आणि घाम बाहेर खेचला जात नाही. ती ओळ आजच काढा.

माझ्या मागण्या अशा : तिन्ही जोड्यांचे पूर्ण पैसे १५ दिवसांत परत करावेत. मापे किमान तीन करावीत. धाग्यांची टक्केवारी पाकिटाच्या पुढच्या बाजूला, ‘मेरिनो’ जितक्या ठळक अक्षरांत आहे तितक्याच ठळक छापावी. आणि शिवण व टाच सुधारेपर्यंत ‘फोडमुक्त’ हा शब्द पाकिटावरून उतरवावा.

उलटा केलेला एक मोजा पाकिटात वर ठेवला आहे. शिवणीची दोन्ही टोके लाल दोऱ्याने खुणावली आहेत.

कळावे,
आपला ग्राहक